वजडीच्या गाडीवरचा माणूस

६ जून

सुरी पिशवीत आहे. दोन फडक्यांत गुंडाळलेली, वर लोकरीचे मोजे. बाबांची सुरी — हाडापासून मांस सोडवायची, घासून घासून पातं करंगळीएवढं उरलंय. डुकराच्या मानेत ती कुठून घालायची ते मी अकराव्या वर्षी शिकले. माणसाची मान फार वेगळी नसणार.

गावाला वाटतंय, वान्ना खाटकीण सुट्टीवर गेली. आठ वर्षांत पहिली! माझी बहीण एर्सिलिया निवृत्त झाली आणि म्हणाली, वीस दिवस एल्वियोचं मी बघते, तू कुठेतरी जा, नाहीतर त्याच्याआधी तू जाशील. पाद्रीबाबांनी गाइडबुक दिलं. कुठे जाणार, म्हणून एर्सिलियानं विचारलं. फ्लॉरेन्स म्हटलं तसा तिचा हात थांबला. 

निघताना एल्वियोला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली. एकतीस वर्षांचा माझा मुलगा. डावं अंग मेलेलं, जीभ अर्धी मेलेली. दिवसाकाठी चार-पाच शब्द — पाणी, पुरे, बंद कर. सांगितलं, आई जरा फिरून येते. म्हणाला, "जा."

फ्लॉरेन्स मी पाहिलंय. हॉस्पिटलची चौथ्या मजल्यावरची खिडकी आणि कॉफीचं यंत्र — तीन महिने. बाकीचं शहर पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही.

खोली नदीपलीकडे. घरमालकीण तोस्का, ऐंशीच्या पुढची, कानानं अधू. काय काय बघणार, विचारत होती. म्हटलं, एक माणूस बघायचाय. "हो, हो, फार सुंदर आहे ते," म्हणाली. "सकाळी लवकर जा, गर्दी नसते."


७ जून

सापडला.

नेरिओ बाच्चेत्ती. आठ वर्षं हे नाव रोज मनात म्हटलंय, कपडे पिळताना, मांस कापताना. सांता क्रोचेच्या चौकात वाळू टाकून दर जूनमध्ये तो जुना खेळ होतो — सत्तावीस विरुद्ध सत्तावीस, उघडी अंगं, चेंडू नावाला आणि बाकी गुद्दे. एल्वियो इथे दगड घडवायचं काम शिकायला आला आणि त्या खेळाच्या नादी लागला. चेंडू घेऊन पळत होता. यानं मागून कानशिलावर मारलं. मागून मारायला त्या खेळातसुद्धा मनाई आहे! चौकशी झाली, बंद झाली. काही झालं तर तक्रार नाही, अशा कागदावर खेळणाऱ्यांनी आधीच सह्या केलेल्या असतात म्हणे.

संघांचे रंग इथे लिहीत नाही. एल्वियोचाही नाही, याचाही नाही. घरात ते दोन्ही रंग मी ठेवलेले नाहीत — पडदा नाही, टॉवेल नाही.

वजडीची गाडी लावतो, बाजाराच्या मागच्या चौकात. चाळिशी नुकतीच ओलांडलेला. डावा कान कागद चुरगळून फेकावा तसा. मान आखूड, जाड, उजवीकडची शीर लांबूनही दिसते. मी रांगेत उभी राहिले. 

"खारं-तिखट?" त्यानं विचारलं. मान हलवली. त्यानं पातेल्यातून वजडी काढली, चिरली, वर हिरवी चटणी, आणि पावाची वरची चकती रश्श्यात बुडवून दिली. एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. कुठल्या तुम्ही, बाई? फोलिन्योची, म्हटलं. नाव रीता. दोन्ही खोटं.

मी खाल्लं. उत्तम होतं. हे लिहिताना स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतंय.


८ जून

पुन्हा गेले. पुन्हा खाल्लं.


९ जून

आज त्याची सुरी माझ्या हातात होती.

तो वजडी फार जाड चिरतो आणि आडव्या रेषेत, त्यामुळे ती चिवट लागते. मला बघवेना. तोंडून निघून गेलं, अशी नाही, तिरकी धर. रांगेतला एक म्हातारा हसला — घ्या, नेरिओला गुरू भेटला! नेरिओनं सुरी उलटी करून मूठ माझ्याकडे केली. दाखवा म्हणाला. आणि पातेल्यावर वाकला, माझ्याकडे पाठ करून.

मान वीतभर अंतरावर. वाफेनं ओली. मला फक्त हात उचलायचा होता.

मी वजडी चिरली. पातळ, तिरकी, सगळ्यांनी वाहवा केली.

रांगेत माणसं होती म्हणून केलं नाही, असं लिहिणार होते. पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार? केलं नाही, कारण त्या क्षणी मी चिरण्यात रमले होते. आठ वर्षांत मला कुणी "दाखवा" म्हटलं नव्हतं.

सुरी त्याची बोथट आहे, हेही कारण.


११ जून

रविवार, गाडी बंद. काल म्हणाला होता, बाई, त्या मोठमोठ्या रांगांत उभ्या राहून पाय मोडून घेऊ नका. स्टेशनच्या अलीकडे एक जुना मठ आहे, जेवणघराच्या भिंतीवर ख्रिस्ताचं शेवटचं जेवण काढलंय. तिकीट नाही, माणूस नाही. एक रखवालदार असतो, तोही डुलक्या घेतो.

गेले. का गेले? खोलीत बसून भिंती बघवेनात म्हणून.

खरंच कुणी नव्हतं. भिंतभर चित्र. सगळे टेबलाच्या पलीकडे, एकटा दगाबाज यहूदा अलीकडे — आपल्या बाजूला, आपल्याकडे पाठ करून. आणि त्याच्या डोक्यावर संगमरवराचा एक तुकडा रंगवलाय, आतून आग लागल्यासारखा, लाल-काळ्या लाटा. मी बाकावर बसले ते तासभर. यहूदाची मान बघत. तशी मान रंगवणाऱ्याला मारायचं कुठे ते नक्की माहीत असणार!

बाहेर आले तर पोटात हलकं वाटत होतं. आठ वर्षांत असा तास गेला नव्हता — कुणाला वळवायचं नाही, कुणाचं पुसायचं नाही. आणि मग इतका संताप आला की रस्त्यातल्या लोखंडी खांबावर मूठ आपटली. बोटं सुजली आहेत. एल्वियो कुशीवर पडलेला, आणि त्याची आई चित्रं बघत फिरते आहे. तेही कुणी सुचवलेली!


१३ जून

आज पहिला सामना. ज्या चौकात माझा मुलगा संपला तो चौक बघायचाच होता.

लाकडी पायऱ्यांवर सहा हजार माणसं, उन्हानं तापलेली. चर्चसमोर वाळू. तोफ उडाली आणि चौपन्न जण एकमेकांवर गेले. चेंडूकडे कुणी बघतही नव्हतं. जोड्या जुळल्या, गुद्दे सुरू. समोर, अगदी माझ्या पायाशी, एक टक्कल पडलेला माणूस दुसऱ्याच्या छातीवर बसून तोंडावर मारत होता. चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज. दुसऱ्याचे दात लाल. दोघं दमले की एकमेकांना मिठी मारल्यासारखे पडून राहायचे, धापा टाकायचे, आणि पुन्हा. स्ट्रेचर आलं, गेलं, परत आलं. एकाचा खांदा निखळून बगलेखाली लोंबत होता, तो दुसऱ्या हातानं मारतच होता.

शेजारची बाई नातवाला मांडीवर घेऊन पंखा हलवत होती. तिचे दोन मुलगे खाली वाळूत होते.

मी डोळे मिटून घेईन असं वाटलं होतं. ओकारी येईल असं वाटलं होतं. मग एक तरुण चेंडू घेऊन सुटला — कडेकडेनं, एल्वियोसारखाच पाय टाकत — आणि त्याच्या मागे एक रेड्यासारखा गडी धावला. आणि मी उठले. बाकावर चढले. ओरडले. "मार त्याला! फोड!" कुणाला, ते मलाही माहीत नव्हतं. घसा फाटेपर्यंत ओरडले. तरुणानं वळून त्या रेड्याच्या नाकावर कोपर घातला, रक्ताची चिळकांडी उडाली, आणि माझ्या सगळ्या अंगातून काहीतरी गोड, गरम वाहत गेलं.

मजा आली मला. हो, लिहिते. मजा आली.

आता कळतंय एल्वियो इथे का थांबला. तीन पत्रांत मी त्याला लिहिलं होतं, हा जनावरांचा खेळ सोड. त्यानं एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.


१४ जून

आवाज बसलाय. नेरिओनं ओळखलं कुठे गेले होते ते. तो स्वतः आठ वर्षांत त्या चौकात गेलेला नाही. सामन्यांच्या दिवशी गाडी बंद करतो आणि नदीवर गळ टाकून बसतो. त्यानं विचारलं, काय ओरडलात? सांगितलं. तो बराच वेळ चटणी ढवळत राहिला.


१५ जून

काय झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

दुपारी दोनच्या सुमारास दोघं आले. नेरिओबरोबर पूर्वी खेळणारे, दंडावर गोंदलेलं, तोंडाला दारूचा वास. सामना हरले होते. त्यांचं म्हणणं, तू असतास तर मधली फळी फुटली नसती. नेरिओ म्हणाला, पाव देऊ का? तू जोगीण झालास, एक म्हणाला, आणि त्याच्या गालावर चापट मारली. हलकीच. मग दुसरी, जोरात. नेरिओनं हात वर केला नाही. तिसरीला त्याचं डोकं गाडीच्या खांबाला लागलं. मग दुसऱ्यानं पोटात गुद्दा घातला, तो खाली बसला, आणि दोघं लाथा घालायला लागले. बरगडीचा आवाज मी ओळखते. रोज ऐकते.

मी बघत होते. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. बाबा म्हणायचे तसं — दुसऱ्याच्या हातानं काम होतंय.

मग तो उंच म्हणाला, "त्या अंथरुणावरच्या एका भाजीपायी तू बाई झालास? ती भाजी मेली असती तर बरं झालं असतं, सगळ्यांनाच."

भाजी!

पळी माझ्या हातात कधी आली ते आठवत नाही. मोठी, लोखंडी, रश्श्यानं भरलेली, आणि रस्सा उकळत होता. त्याच्या मानेवर आणि कानावर ओतला. तो किंचाळला, तसा मी तीच पळी तोंडावर हाणली. एकदा, दोनदा. दात तुटला असावा, गाडीच्या पत्र्यावर टक् आवाज झाला. दुसरा माझ्याकडे वळला. मी त्याला म्हटलं, ये. फक्त तेवढंच. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे — तो मित्राला ओढत निघून गेला.

पोलीस आले. रांगेतल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पातेलं कलंडलं, साहेब. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी नेरिओला उठवलं. माझ्या खांद्यावर भार टाकून घेतला, दवाखान्यात नेलं. दोन बरगड्या. वाटेत त्याच्या मानेची ती शीर माझ्या गालाला लागत होती.

खोलीवर येऊन हात धुतले. धूतच राहिले. ज्याला मारायला आले त्याला मी वाचवलं. मारायचा हक्क माझा होता, म्हणून रागावले का? की एल्वियोला भाजी म्हटलं म्हणून? की नुसतं मारायचं होतं, कुणालाही?


१७ जून

त्याला पातेलं उचलवत नाही. दोन दिवस गाडी मी चालवते आहे. तो खुर्चीवर बसून सांगतो. आज त्याची बोथट सुरी फेकून दिली आणि बाबांची सुरी आणली. वजडी कागदासारखी निघते! मोजे त्या म्हाताऱ्याला दिले, त्याचे पाय गार पडतात म्हणे, जूनमध्ये.

इथली माणसं तोंडाची फार वाईट. पाव हातात घेताना आईवरून शिवी देतात आणि खाऊन झालं की हाताचं चुंबन घेतात. आज एकानं विचारलं, नेरिओ, ही कुठून पैदा केलीस? दुसरा म्हणाला, हळू बोल, हिच्यासमोर पातेलं कलंडतं. सगळे हसले. मीही हसले. तोंडाचे स्नायू दुखले.


१८ जून

रविवार. पातेली घासायला गेले, तेव्हा त्यानं आपण होऊन सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

एक मुलगा होता, म्हणाला, तेवीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. मी दमलो होतो. आमची हार होत होती. तो माझ्यासमोरून गेला आणि जाताना हसला. मला नाही, असाच, पळण्याच्या आनंदानं हसला असेल. मी मागून मारलं. लोकांना नंतर सांगितलं, तो वळेल असं वाटलं. खोटं. तो बघत नाहीये हे मला माहीत होतं, म्हणूनच मारलं. आणि बाई, लागल्या क्षणी हाताला फार चांगलं वाटलं. तेच मला विसरता येत नाही. तो पडला, आणि मला तोपर्यंत चांगलंच वाटत होतं.

मी पातेलं घासत होते. घासत राहिले. हाताला चांगलं वाटलं, हे कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर थुंकले असते. परवा पळी हाणताना माझ्या हाताला कसं वाटलं होतं?

त्या मुलाची आई डोंगरात असते, तो म्हणाला. खाटकीण आहे. 


१९ जून

खोलीतून बाहेर पडले नाही. तोस्का सूप घेऊन आली. म्हणाली, फार हिंडलीस, पाय सुजले असतील.


२१ जून

मोठ्या चर्चमध्ये गेलो, दोघं. त्याचा हट्ट. वर्षातून थोडेच दिवस, म्हणाला, भर दुपारी. लोक घुमट बघायला येतात आणि हे बघत नाहीत.

घुमटाच्या अगदी वर एक भोक आहे. त्यातून सूर्याचा कवडसा खाली फरशीवर पडतो. एक पांढरी वाटोळी ताटली. जमिनीत तेवढ्याच आकाराचा एक गोल दगड बसवलाय, आणि ताटली त्याच्याकडे सरकत येते. सरकताना दिसते! इतक्या उंचावरून येतो तो उजेड की सूर्य चालतोय हे डोळ्यांना कळतं. तीस-चाळीस जण कोंडाळं करून उभे. 

ताटली दगडाच्या कडेला लागली. तेवढ्यात तो शेजारून हळू म्हणाला, "वान्नाबाई, पाचच मिनिटं. मग तुम्हाला जे करायचं ते करा."

मी त्याला माझं खरं नाव सांगितलेलं नव्हतं.

पाच मिनिटं बघत राहिले. ताटली दगडावर तंतोतंत बसली. मग पुढे गेली.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं सांगितलं. दुसऱ्या वर्षी शरद ऋतूत तो आमच्या गावात आला होता. दुकानासमोर दोन तास उभा राहिला. मग आत आला आणि सॉसेज मागितले. मीच बांधून दिले. सणाच्या शुभेच्छाही दिल्या म्हणे! मागच्या खोलीतून एल्वियोचा आवाज आला आणि मी "आले रे" म्हणून आत गेले, तेव्हा तो पळून गेला. म्हणजे ७ तारखेला मी रांगेत उभी राहिले तेव्हाच त्यानं ओळखलं.

"मग सुरी कशाला दिलीस माझ्या हातात?"

"तुम्ही आला होतात ना त्यासाठी," तो म्हणाला.

मी त्याला मारलं. मोडलेल्या बरगडीवर, मुठीनं. तो गुडघ्यावर आला. पुन्हा मारलं, तोंडावर. नाकातून रक्त आलं, पायऱ्यांच्या पांढऱ्या दगडावर पडलं. मारत राहिले. कानावर, डोक्यावर, त्या मानेवर. त्यानं हात मागे बांधून ठेवले होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. भोवती पर्यटक. कुणीतरी फोटो काढला. माझी आधीच सुजलेली बोटं फुटली, त्याचं रक्त कुठलं आणि माझं कुठलं कळेना. मी ओरडत होते — "मी तुझ्या हातचं खाल्लं! मी तुझी गाडी चालवली!" एल्वियोचं नावसुद्धा तोंडात आलं नाही. हे आत्ता लक्षात येतंय.

मग हात वर जाईना. दमले. त्याच्या शेजारी पायरीवर बसले. दोघं धापा टाकत होतो.


२३ जून

बोटांना पट्ट्या. पेन धरवत नाही.


२४ जून

संत योहानाचा सण. अंतिम सामना. सगळं शहर सांता क्रोचेत.

मी नदीवर गेले. तो बंधाऱ्यावर बसला होता, गळ टाकून, नाकावर पट्टी, डोळा जांभळा. मी जरा अंतर ठेवून बसले, बूट काढले, पाय पाण्यात सोडले. ही आर्नो आमच्या डोंगरातून निघते. तिथे ती एका उडीत ओलांडता येते. इथे हिरवी, संथ, बंधाऱ्यावरून घसरताना दुधासारखी. त्यानं कलिंगड आणलं होतं, पाण्यात बांधून गार केलेलं. दगडावर आपटून फोडलं. बिया नदीत थुंकत खाल्लं. या शहरात पैसे न देता मिळणारी सगळ्यात चांगली जागा हीच, आणि तिथे माझ्या सोबतीला कोण!

छपरांवरून गर्जना येत होती. तोफ उडाली की दोघंही दचकायचो.

मी त्याला विचारलं, तू आत का आला नाहीस, त्या दिवशी? मागच्या खोलीत? म्हणाला, भीती वाटली. कशाची? "तो मला ओळखेल याची. आणि ओळखणार नाही याची."

 मासा एकही लागला नाही. मग मी म्हटलं, उद्या सकाळी सव्वाआठची गाडी आहे. अरेत्सोला बदलायची. तो गळ गुंडाळायला लागला.

मी हे एल्वियोसाठी करतेय का? माहीत नाही. त्याला समोर उभा करून म्हणायचं, हा बघ. बघ, याला कसा फोडून आणलाय मी तुझ्यासाठी. मनात हेच वाक्य होतं. अजून आहे.


२५ जून

गाडीत. तो समोर बसलाय, हात मांडीखाली. मुद्दाम अंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून आलाय. मघाशी विचारत होता, त्याला वजडी चालते का? म्हटलं, मऊ केली तर.


२५ जून, संध्याकाळ

एर्सिलियानं दार उघडलं, त्याचा कान पाहिला, कोण ते ओळखलं आणि भिंतीला टेकली.

तो खाटेशी जाऊन गुडघ्यावर बसला. नाव सांगितलं. एल्वियो त्याच्याकडे बघत राहिला, खूप वेळ. माझ्याकडे नाही. मी दारात उभी. माझं वाक्य तयार होतं.

एल्वियोचे ओठ हलायला लागले. मला वाटलं पाणी हवंय, मी पुढे झाले, तर त्यानं उजव्या हातानं मला थांबवलं. मग एकेक अक्षर ओढत म्हणाला, "कोण — जिंकलं?"

नेरिओला आधी कळेना. मग कळलं — आठ वर्षांपूर्वीचा तो सामना. "तुम्ही," तो म्हणाला. "अर्ध्या गुणानं."

एल्वियो हसला. अर्ध्या तोंडानं, पण आवाज करून. आठ वर्षं हा प्रश्न त्याच्यापाशी होता आणि मी त्या खोलीत तो रंगसुद्धा येऊ दिला नव्हता.